हवामान बदल आणि ऊसतोडीचं स्थलांतर: गावपाहणीत हे विचारायचं कसं?

बालाघाटकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

बीड जिल्ह्यातल्या धारूर आणि वडवणी तालुक्यांत चार गावांची पाहणी करायचं घाटतंय. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची तीस मुलं आहेत, दहा दिवस आहेत, पैसा जवळपास नाही. विषय असा: हवामान बदल आणि स्थलांतर यांचा संबंध लोकांना कसा दिसतो. पाहणी झाली की त्याच गावांत तक्त्यांचं छोटं प्रदर्शन आणि तासाभराची चर्चा.

प्रश्नावली कच्ची तयार आहे, 42 प्रश्नांची. त्यातला मुख्य प्रश्न: "हवामान बदलामुळे तुमच्या कुटुंबाला स्थलांतर करावं लागतं का? होय / नाही / सांगता येत नाही." चाचणीत जवळजवळ सगळ्यांनी "होय" म्हटलं. पण "कारखान्याला का जाता?" या साध्या प्रश्नावर त्याच माणसांची उत्तरं निघाली "उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेतलीय", "पोरीचं लग्न काढलंय", "इथं बसून काय करायचं". पावसाचं नाव कुणी घेतलं नाही. मग यातलं खरं उत्तर कुठलं धरायचं?

आणखी दोन शंका. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे सरकारी आकडे कुठं मिळतात? आणि तक्त्यांमध्ये "2050 पर्यंत 21 कोटी 60 लाख हवामान निर्वासित" असं एक वाक्य आहे, वर तडे गेलेल्या जमिनीचा फोटो. ते ठेवावं का?

पाहणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करायचा विचार आहे, परीक्षा संपलेल्या असतात म्हणून.

---

नमुनादार

आधी शेवटच्या ओळीबद्दल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर ज्यांच्याबद्दल विचारायचंय तीच माणसं गावात नसतील. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. तुम्हाला घरी भेटतील म्हातारी माणसं, वसतिगृहातली पोरं, आणि जी कुटुंबं जातच नाहीत ती. त्यांच्या उत्तरांवरून "जाणाऱ्यांचं मत" लिहिलंत तर सगळी पाहणी वाया. मे महिना बरा, ऑगस्ट-सप्टेंबर त्याहून बरा. तेव्हा नवी उचल ठरत असते, जायचं की नाही यावर घराघरांत खल चालू असतो, आणि खरिपाचं काय होणार हेही दिसायला लागलेलं असतं.

आता तुमचा प्रश्न. "हवामान बदलामुळे जावं लागतं का" यात उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय. कॉलेजचा पोरगा वही घेऊन दारात आलाय, त्याला काय ऐकायचंय हे माणसाला कळतं, आणि "होय" म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरंही खोटी नाहीत. माणूस नेहमी सगळ्यात जवळचं कारण सांगतो. उचल हे जवळचं कारण, कर्ज त्यामागचं, गेलेलं पीक त्यामागचं, आणि पावसाचा खंड त्याच्याही मागं. म्हणून एकच "का" विचारून थांबू नका, पायरीपायरीनं मागं जा.

क्रम असा ठेवा. पहिला प्रश्न उघडा: "गेल्या हंगामात घरातलं कोण कुठं गेलं होतं, आणि जायचं कशावरून ठरलं?" उत्तर शब्दशः लिहायचं, त्याचं पुस्तकी मराठी करायचं नाही. मग दोनदा "आणखी काही?" एवढंच विचारायचं. त्यानंतर "उचल कशासाठी घेतली होती?" आणि "तो खर्च घरच्या पिकातून का भागला नाही?" इथं बहुतेक वेळा पाऊस, बोंडअळी, भाव, विहीर यांपैकी काहीतरी आपोआप निघतं. निघालं नाही तर तीही नोंदच आहे. पावसापाण्यात फरक पडलाय का, पडला असेल तर कशानं, हे सगळ्यात शेवटी. "हवामान बदल" हा शब्द तोवर मुलांच्या तोंडून एकदाही निघता कामा नये. वहीच्या मुखपृष्ठावरही छापू नका, "शेती आणि कामधंदा पाहणी" असं लिहा. उद्देश कुणी विचारला तर अर्थातच खरा सांगायचा, पण प्रश्न झाल्यावर सविस्तर.

42 प्रश्न फार होतात. पंचवीस मिनिटांपुढं गेलं की शेवटची दहा उत्तरं कंटाळ्याची येतात, आणि तुमचे कळीचे प्रश्न तर शेवटीच आहेत. अठरा-वीसवर आणा.

घरं निवडताना मुकादमाकडची (टोळी जमवून कारखान्याला नेणाऱ्या ठेकेदाराकडची) यादी घेऊ नका. तीत त्याचेच कोयते असतात. अंगणवाडी किंवा आशाताईंच्या घरयादीवरून दर चौथं-पाचवं घर घ्या, म्हणजे न जाणारी घरंही येतील. न जाणाऱ्यांचे दोन गट वेगळे ठेवा: ज्यांना जायची गरज नाही ते, आणि ज्यांना जायचंय पण जाता येत नाही ते. आजारी बाई, जोडीदार नसलेला माणूस, उचल न मिळणारा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे जोडी मोडलेल्या माणसाला मुकादम सहसा घेत नाही. दुष्काळानं सगळ्यात जास्त पिळवटलेलं घर कधीकधी गावातच अडकून पडतं. ब्रिटिश सरकारच्या 2011 च्या फोरसाइट अहवालानं हा मुद्दा जगभरच्या उदाहरणांनी मांडला, पण आपल्याकडच्या बातम्यांत तो अजून येत नाही. प्रश्नावलीत त्याला जागा नसेल तर पाहणीत "दुष्काळ वाढला तरी स्थलांतर वाढलं नाही" असं दिसेल आणि कारण सापडणार नाही.

सरकारी आकड्यांचं थोडक्यात: जसे हवेत तसे नाहीत. 2011 च्या जनगणनेत माणसं मोजली गेली 9 ते 28 फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन हंगामात. कोपी (मजुरांची झोपडी) टाकलेल्या रानापर्यंत प्रगणक पोचला असेल तर तिथं नोंद, नाही पोचला तर कुठंच नाही. पुढची जनगणनाही 1 मार्च 2027 च्या संदर्भवेळेचीच आहे. शिवाय 1991 मध्ये स्थलांतराच्या कारणांत "नैसर्गिक आपत्ती" असा पर्याय होता, तो 2001 मध्ये काढला. त्यामुळे 2011 च्या तक्त्यात दुष्काळामुळे निघालेला माणूस "काम" किंवा "इतर" मध्ये शोधावा लागतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 64 व्या फेरीत (2007-08) हंगामी स्थलांतरित कोण, तर वर्षभरात एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेला. बहुतेक ऊसतोडवाले यात बसतात, पण हंगाम लांबला आणि मुक्काम सहा महिन्यांवर गेला की बसत नाहीत. तुमच्या वहीत "किती महिने" असं न विचारता निघाल्याची आणि परतल्याची तारीख विचारा. तारीख आठवत नसेल तर सण: दिवाळीच्या आधी की नंतर, पाडव्याला गावात होतात की उसाच्या फडात.

---

फडावरचा

नमुनादारांनी पायऱ्या सांगितल्या, त्यात एक अडचण आहे ती ध्यानात घ्या. दुष्काळ पडला की ऊसतोडीला जाणारे वाढतात, हे अर्धंच खरं. जाणारे वाढतात, पण तोडायला ऊसही कमी होतो, आणि तो त्याच वर्षी नाही, बहुधा पुढच्या वर्षी.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, सुरू जानेवारी-फेब्रुवारीचा. त्यामुळे 2018 च्या पावसाळ्यात खंड पडला तरी 2018-19 च्या हंगामाला आधीचा ऊस उभा होता. त्या हंगामात राज्यात सुमारे 107 लाख टन साखर झाली. मार त्यानंतर बसला: नव्या लागणी झाल्या नाहीत, उभा ऊस चाऱ्याला गेला, वर ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. 2019-20 ला साखर 62 लाख टनांच्या आसपास आली. म्हणजे मराठवाड्यातला दुष्काळ आणि पंचगंगा-कृष्णेचा पूर या दोन्हींनी मिळून बीडच्या माणसाचं काम कमी केलं. तुमच्या पाहणीत फक्त "गावातला पाऊस" असेल तर हे अजिबात दिसणार नाही. जिथं जातात त्या भागातलं हवामानही विचारा: कुठला कारखाना, किती दिवस चालला, कामाचे किती दिवस पाण्यात गेले.

लोकांसमोर मांडायला हिशेब सोपा करून घ्या. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, गावात विचारून बदला.

एका कोयत्याला उचल 1,00,000. दिवसाला 2 टन तोड, टनाला 366 रुपये, म्हणजे रोजचे 732. हंगाम 150 दिवस चालला तर 1,09,800. आठवड्याला 1,000 रुपये खर्ची (हंगामात घरखर्चाला मिळणारे पैसे) धरली तर 21 आठवड्यांचे 21,000 वजा. राहिले 88,800. उचल फिटायला 11,200 कमी पडले, ते पुढच्या वर्षीच्या नावावर.

आता हंगाम 100 दिवसांतच आटोपला. मजुरी 73,200, चौदा आठवड्यांची खर्ची 14,000, उरले 59,200. बाकी 40,800. पुढच्या वर्षी पाऊस कितीही चांगला झाला तरी हे घर जाणारच, कारण ते या वर्षीच्या पावसानं नाही, मागच्या बाकीनं निघालंय. हवामानाचा परिणाम असा वर्ष-दोन वर्षं मागे रेंगाळतो. म्हणून "ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी स्थलांतर जास्त" असा आलेख काढलात तर रेषा जुळायच्या नाहीत, आणि कुणीतरी उठून म्हणेल, बघा, संबंध नाहीच.

यात खाडे धरलेले नाहीत. बाळंतपण, ताप, बैल बसला, की दिवस गेला आणि वर दंड. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून हाताला चार पैसे येतात तेही धरलेले नाहीत. ज्यांना मांडायचंय त्यांनी गाडी सेंटर (बैलगाडीनं ऊस वाहणारे) आणि डोकी सेंटरचे (डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्यांचे) हिशेब वेगळे करावेत. बैलगाडीवाल्याची उचल मोठी असते, बैलांचा खर्च वेगळा, आणि बैल मेला तर ते नुकसान त्याच्याच माथी.

उचलीचा आकडा विचारताना घरात मुकादम किंवा त्याचा माणूस बसलेला नाही ना एवढं बघा. बसलेला असेल तर तो प्रश्न त्या घरात सोडूनच द्या. आणि ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मुलांनी विचारायचं नाही. 2019 मध्ये त्यावर विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती, विषय महत्त्वाचा आहे, पण एकोणीस वर्षांच्या पोरानं दारात उभं राहून विचारायची ती गोष्ट नव्हे.

---

बालाघाटकर

दोघांचेही आभार. वेळापत्रक ऑगस्टवर ढकलतोय. एक खटकतंय: कर्ज, उचल, मुकादम, सिंचन हीच कारणं असतील तर हवामान बदलाचं नाव घेण्यात अर्थ आहे का? बीडची माणसं 1972 च्या आधीपासून कारखान्याला जातात. तेव्हा कुठं होता हवामान बदल?

---

मृगाचा पाऊस

प्रश्न बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने वाढले, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली हलकी मुरमाड जमीन कोरडवाहू राहिली. वाट तेव्हाच पडली. हवामान बदलानं ती पाडली नाही. त्या वाटेवर किती जण, किती दिवस आणि किती वाईट हालात चालतात यात तो भर घालतोय. तक्त्यावर "मुळे" हा शब्द न वापरता "भर पडते" असं लिहिलंत तरी निम्मं काम झालं.

आता नेमकी कशात भर. एखाद्या दुष्काळाला हवामान बदल म्हणू नका. 1972, 2015, 2023 ही तिन्ही एल निन्योची वर्षं, आणि एल निन्यो पूर्वीपासून आहे. एका जिल्ह्याची वर्षाची एकूण पर्जन्यबेरीज नैसर्गिकपणेच इतकी वरखाली होते की तीस-चाळीस वर्षांच्या आकड्यांतून ठाम कल काढणं अवघड जातं. पावसाच्या एकूण बेरजेवर भिस्त ठेवणाऱ्या माणसाला कुणीही खोडून काढील.

पावसाची वाटणी कशी बदलतेय ते जास्त बोलकं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. तेवढ्या काळात तिथला मोसमी पाऊस एकूण मात्र वाढला नाही. मोठा खंड आणि मग दोन दिवसांत धो धो, हे सोयाबीनला दोन्ही बाजूंनी मारतं: फुलोऱ्यात पाणी नाही, काढणीला शेंगेला कोंब. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीनं उभी पिकं आणि माती दोन्ही वाहून गेली. तडे गेलेल्या जमिनीचा फोटो लावून तुम्ही यातली अर्धी गोष्ट झाकताय. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट तर त्या फोटोत कुठंच बसत नाही.

सगळ्यात पक्का दुवा उष्णतेचा आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मार्च-एप्रिल 2022 च्या भारत-पाकिस्तानातल्या उष्णतेच्या लाटेबद्दल वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटानं काढलेलं अनुमान असं की मानवनिर्मित तापमानवाढीमुळं ती होण्याची शक्यता तीसपट झाली. आता हे ऊसतोडीला जोडा. 2021-22 ला राज्यात विक्रमी 137 लाख टन साखर झाली, ऊस संपेना, मराठवाड्यात हंगाम जूनपर्यंत रेटला. जे मागं राहिले ते एप्रिल-मेच्या उन्हात पाचट अंगावर घेत तोडत होते. म्हणजे हवामान बदल हा फक्त गाव सोडायला लावणारा घटक नव्हे, पोचलेल्या ठिकाणीही तो आहेच. पाहणीत एक प्रश्न घाला: "होळीनंतर फडात किती वाजता काम थांबायचं? सावली कुठं होती? पाणी किती लांब?" उत्तरं मोजण्याजोगी येतात.

पाऊस आणि लोकांची आठवण ताडून बघायची असेल तर महारेन या राज्य सरकारच्या पावसाच्या संकेतस्थळावर तालुक्याचे दैनंदिन आकडे मिळतात. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रांचे आकडे अलीकडचे आहेत. तालुक्याची जुनी मालिका आणि मंडळाची नवी मालिका एकाच रेषेत जोडू नका. केंद्र बदललं की सरासरी उडी मारते आणि ती उडी पावसाची वाटते. एकूण मिलिमीटरऐवजी प्रत्येक वर्षी जून ते सप्टेंबरमधला सगळ्यात लांब कोरडा खंड किती दिवसांचा होता ते मोजा. दिवसाला 2.5 मिमीपेक्षा कमी तो कोरडा दिवस. एकवीस दिवसांच्या वरचे खंड लाल रंगवा. पीकविम्याच्या भांडणामुळं "एकवीस दिवसांचा खंड" गावात सगळ्यांना पाठ आहे, वेगळं समजावावं लागत नाही.

---

तळटीप

21 कोटी 60 लाखांच्या वाक्याबद्दल. काढाच, किंवा नीट लिहा.

आकडा जागतिक बँकेच्या 2021 च्या ग्राउंड्सवेल अहवालातला आहे. त्यात सहा प्रदेश आहेत, आणि ही सगळी माणसं आपापल्या देशातच जागा बदलणारी आहेत. सीमा ओलांडणारं त्यात कुणी नाही, त्यामुळं "निर्वासित" शब्द आला तिथंच वाक्य चुकलं. दुसरं, 21.6 कोटी हा वरचा टोकाचा अंदाज. उत्सर्जन लवकर घटवलं आणि विकास सर्वांपर्यंत पोचला तर तोच अहवाल 4.4 कोटी म्हणतो. दोन्ही आकडे शेजारी लावा. लोकांना कळू द्या की मधली 17 कोटींची तफावत धोरणांवर अवलंबून आहे. दक्षिण आशियाचा वाटा वरच्या अंदाजात सुमारे 4 कोटी. आणि यात फक्त सावकाश होणारे बदल धरलेत: पाण्याची टंचाई, घटतं पीक, चढणारा समुद्र. चक्रीवादळ-महापुरात एका रात्रीत हललेली माणसं यात नाहीत.

ती वेगळी मोजली जातात. जिनिव्हाचं अंतर्गत विस्थापन देखरेख केंद्र दरवर्षी जे आकडे देतं त्यात एकेका वेळचं हलणं मोजलेलं असतं. एक माणूस वर्षात दोनदा हलला तर दोन. खबरदारी म्हणून वादळाआधी निवाऱ्यात नेलेलेही त्यातच. 2020 मध्ये अम्फानच्या वेळी भारतात सुमारे 24 लाख विस्थापनं नोंदली गेली, त्यातले बरेच जण आधीच सुरक्षित जागी हलवलेले होते. म्हणजे मोठा आकडा हे काही अंशी चांगल्या तयारीचं लक्षण असतं. याउलट बीडसारखं रेंगाळणारं, कर्जातून चालणारं हलणं या मोजणीत फारसं सापडतच नाही. दोन्ही आकडे एका तक्त्यावर ठेवून बेरीज करणारे लेख मराठीत दर महिन्याला दिसतात. ती चूक करू नका.

निर्वासित म्हणजे कोण हे 1951 च्या करारानं ठरवलंय: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळं छळाची रास्त भीती असलेला, स्वतःच्या देशाबाहेरचा माणूस. हवामान त्यात नाही. भारतानं त्या करारावर सहीही केलेली नाही. किरिबातीच्या इओआने टेइटिओटाचं प्रकरण हमखास चुकीचं सांगितलं जातं, म्हणून इथंच लिहितो. न्यूझीलंडनं त्याला परत पाठवलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं त्यात हक्कभंग झाला असं म्हटलं नाही. तो हरला. पण जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालेल्या त्या निर्णयात समितीनं एवढं मान्य केलं की हवामानामुळं जिवालाच धोका असेल तर माणसाला परत पाठवणं जगण्याच्या हक्काचा भंग ठरू शकतं. "हवामान निर्वासितांना मान्यता मिळाली" ही बातमी त्यातून निघाली, ती जरा जास्तच होती.

बीडच्या माणसाला तर यातलं काही लागू नाही. तो नागरिक आहे, स्वतःच्याच राज्यात किंवा शेजारच्या कर्नाटकात कामाला जातो. त्याला निर्वासित म्हटलं की त्याचे कामगार म्हणून असलेले प्रश्न, म्हणजे नोंदणी, ओळखपत्र, रेशन तिकडं चालणं, पोरांचं हंगामी वसतिगृह, अपघात विमा, एकदम अस्मानी सुलतानीतल्या अस्मानीत जमा होतात. कुणाला जाब विचारायचा राहत नाही. पुढाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं.

---

नमुनादार

वरच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा, आणि तो पाहणीतच तपासता येईल अशी एक युक्ती. चारही गावं डोंगरातली घेऊ नका. दोन धारूर-वडवणीच्या माथ्यावरची घ्या, दोन माजलगाव किंवा गेवराई तालुक्यातली, जायकवाडीच्या उजव्या कालव्याच्या भिजीत येणारी. जमेल तितकी जवळजवळ, म्हणजे पावसात फार फरक नको. मग घरागणिक तीन गोष्टी मांडा: ओलिताची जमीन किती, मागच्या पाच हंगामांपैकी किती हंगाम कोयता बाहेर, आणि पाऊस बदलला असं वाटतं का. पाऊस बदललाय हे चारही गावं जवळपास सारखंच सांगतील, जाणं मात्र सारखं नसेल, असा अंदाज आहे. तसं आलं तर तक्ता आपोआप बोलतो: ढग एकच, पण कालवा कुणाला. तसं नाही आलं तर जे आलं ते लावा.

दोन डोंगरातली, दोन कालव्यावरची म्हणजे चारच गावं होतात, त्यावरून "सिद्ध झालं" असं लिहू नका. कालव्याच्या गावात जमीनही भारी असते, फरक नुसत्या पाण्याचा नसतो. भूमिहीन घरं दोन्हीकडं वेगळी काढा, कारण कालवा आला तरी त्यांच्या हाती तो येत नाही.

तोडणी यंत्रांचाही एक प्रश्न असू द्या. कारखान्यानं यंत्र आणलं म्हणून टोळी परत पाठवली किंवा उचल घटवली, असं झालं असेल तर ते घर गावात राहिल्याचं श्रेय चांगल्या पावसाला जाईल.

---

फडावरचा

प्रदर्शनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

तक्ते चारच करा, पूर्ण कार्डशीटवर, अक्षर पाच-सहा हातांवरून वाचता येईल एवढं. समाजमंदिरात लावाल तर बाया उंबऱ्यापाशी थांबतात, आत येत नाहीत. म्हणून तक्ते बाहेरच्या भिंतीवर किंवा अंगणवाडीपाशी. वेळ संध्याकाळची, पण स्वयंपाकाच्या आधी.

पहिला तक्ता खंडांचा, लाल-हिरव्या पट्ट्यांचा. वर्षाच्या आकड्याबरोबर गावाची खूण लिहा: "टँकर सुरू झाला", "छावणी लागली", "पूल वाहिला". लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते 2016 चं साल सगळ्यांना आठवतं, त्यावरून मागंपुढं मोजता येतं. दुसरा तक्ता कोयत्याच्या हिशेबाचा, 150 दिवस आणि 100 दिवस शेजारी. तिसरा रिकामा ठेवा. वर फक्त "पीक गेलं" आणि खाली "कारखान्याला गेलो". मधली साखळी लोकांनी चिठ्ठ्या लावून भरायची: सोसायटीचं कर्ज, सोनं गहाण, दवाखाना, लग्न, उचल. एक रंग पुरुषांना, दुसरा बायांना. चिठ्ठ्या सारख्या येत नाहीत. बायांच्या चिठ्ठ्यांत पाणी, चारा आणि पोरांची शाळा जास्त येते. लिहिता न येणाऱ्यांसाठी मुलांनी लिहून द्यायचं, पण शब्द त्यांचे.

चौथा तक्ता मागण्यांचा. ग्रामसभेत ठराव करता येईल असंच त्यावर घ्या: रोजगार हमीच्या कामांची मागणी नमुना 4 वर कधी भरायची, दिलेल्या अर्जाची दिनांकित पोच घ्यायचीच, कारण पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्त्याचा दावा त्या पोचेवरच उभा राहतो. ऊसतोड कामगार म्हणून ग्रामसेवकाकडून ओळखपत्र. हंगामी वसतिगृहाची यादी टोळ्या निघायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरच्या ग्रामसभेतच. उशीर झाला की पोरं आईबापांबरोबर गाडीत बसलेली असतात आणि मग वसतिगृह कागदावर राहतं.

चर्चेत कुणीतरी हमखास म्हणणार, "निसर्गापुढं कुणाचं काय चालतंय." त्यावर भाषण करू नका. दुसऱ्या तक्त्यापाशी न्या आणि विचारा, यातला कुठला आकडा निसर्गानं ठरवलाय. टनाचा दर, उचल, खाड्याचा दंड हे करारानं ठरतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली ती संपाच्या इशाऱ्यानंतर आणि बोलणीतून. निसर्गाच्या वाट्याला तिथं हंगामाचे दिवस आणि दिवसाची टनं एवढंच येतं, तेही पूर्ण नाही.

आणि पाहणीचे आकडे त्याच गावात परत दाखवल्याशिवाय कुठं छापायला देऊ नका. नावं काढली तरी 200 घरांच्या गावात "उचल सव्वादोन लाख, दोन बैलगाड्या" एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. आकडे गटात मांडा: 50 हजारांच्या आत, 50 हजार ते 1 लाख, त्यापुढं. गटात पाचांपेक्षा कमी घरं आली तर तो गट शेजारच्या गटात मिसळा.

---

बालाघाटकर

भरपूर मिळालं. मुख्य प्रश्न काढला, निर्वासितांचं वाक्य काढलं, फोटोही काढला. माजलगावकडची दोन गावं शोधतोय. कालव्याच्या शेपटाकडची चालतील का? तिथं पाणी कागदावर पोचतं, रानात नाही.

---

नमुनादार

उलट तीच घ्या, एक शेपटाचं आणि एक वरच्या अंगाचं. पण ओलिताची जमीन सातबाऱ्यावरून नको, "मागच्या रब्बीत पाण्याच्या किती पाळ्या मिळाल्या" असं विचारून भरा.